शॉवरचं बटण वर टिकत नाही, खालच्या नळातूनही पाणी येतं: डायव्हर्टर बदलण्याआधी काय तपासायचं

बटण वर ओढलं की क्षणभर शॉवर सुरू होतो आणि हात काढताच बटण खट्‌कन खाली पडतं. नाहीतर बटण टिकतं, पण खालच्या नळाची धार थांबत नाही आणि वरून नुसते थेंब गळतात. प्लंबर येतो, डायव्हर्टर (पाणी नळाकडून शॉवरकडे वळवणारा भाग) बदलून जातो, तीन-चार महिने बरे जातात आणि परत पहिले पाढे पंचावन्न. इंदूरच्या दुमजली घरांत, त्यातही थेट गच्चीखालच्या बाथरूममध्ये, ही तक्रार हमखास ऐकू येते.

कारणं तीन असतात: पाण्याला दाब नसणं, डायव्हर्टरच्या आत कचरा किंवा क्षार बसणं आणि वॉशर झिजणं. तिन्हींचं लक्षण एकच दिसतं, इलाज मात्र वेगळा. कोणतं कारण आहे हे न बघता नवा डायव्हर्टर बसवला, तर मूळ दुखणं टाकीत किंवा पाइपात तसंच राहतं आणि नव्या भागालाही तेच होतं.

डायव्हर्टरचं काम काय

एक गोष्ट आधी पक्की करून घ्या. डायव्हर्टर पाणी बंद करत नाही, फक्त वळवतो. बंद करण्याचं काम गरम-थंडच्या नॉबखालचे दोन स्पिंडल करतात. सिंगल लिव्हर (गरम-थंडला मिळून एकच दांडा) असेल तर आतलं कार्ट्रिज करतं. त्यामुळे सगळं बंद केल्यावरही रात्रभर थेंब पडत असतील, तर डायव्हर्टरला हात लावायची गरजच नाही. स्पिंडल बघायचा. ही गल्लत फार होते आणि चांगला डायव्हर्टर उगाच काढून फेकला जातो.

घरांत साधारण तीन प्रकार सापडतात. वॉल मिक्सर, म्हणजे गरम-थंड पाणी मिसळणारा भिंतीवरचा नळ, ज्याच्या मधोमध ओढायचं बटण किंवा फिरवायचा नॉब असतो. नळाच्याच अंगावर बटण असलेला स्पाउट, ज्याला दुकानात टिपटॉन म्हणतात. आणि भिंतीत गाडलेला कन्सील्ड डायव्हर्टर, ज्याची फक्त प्लेट आणि लिव्हर बाहेर दिसतो. ओढायच्या बटणाच्या मागे एक दांडी, एक स्प्रिंग आणि एक-दोन रबरी वॉशर असतात. बटण वर केलं की वॉशर खालच्या नळाची वाट अडवतो. स्प्रिंग त्याला परत खाली ओढू पाहते आणि पाण्याचा दाब त्याला जागेवर दाबून धरतो. पाणी बंद केलं की दाब जातो, स्प्रिंग जिंकते, बटण पडतं. ही सोय मुद्दाम केलेली आहे, म्हणजे पुढचा माणूस बादली भरायला नळ सोडेल तेव्हा त्याच्या डोक्यावर गार पाणी पडू नये.

म्हणजे बटण पडणं हा दरवेळी दोष नसतो. दाब कमी असला की नव्याकोऱ्या डायव्हर्टरचंही बटण पडेल.

गच्चीखालच्या मजल्याचं गणित

दहा मीटर उंच पाण्याचा दाब साधारण एक बार. आता घराचा हिशोब करा. गच्चीवर टाकीचा ओटा १ मीटर, टाकीत अर्धा मीटर पाणी, खोलीची उंची ३ मीटर, शॉवर जमिनीपासून २.१ मीटरवर (म्हणजे सात फूट). शॉवरपासून पाण्याच्या पातळीपर्यंत उरले २.४ मीटर. दाब झाला फक्त ०.२४ बार. तेच पाणी एक मजला खाली गेलं की ५.४ मीटर, म्हणजे दुपटीहून जास्त. म्हणून तळमजल्यावर जो मिक्सर झकास चालतो, तोच वर रडतो.

यात आणखी एक मेख आहे. बटणाला धरून ठेवतो तो टाकीचा पूर्ण दाब नव्हे. शॉवरमधून पाणी सहज निघून गेलं तर मागे थोडाच दाब उरतो. बटण १ मीटरवर आणि शॉवर २.१ मीटरवर असेल, तर मधल्या पाइपातल्या १.१ मीटर पाण्याचं वजन आणि शॉवरच्या भोकांचा अडथळा, एवढ्यावरच बटण टिकायचं असतं. हँड शॉवर पायाशी धरला की तेवढंही वजन उरत नाही. म्हणून पुष्कळ घरांत हँड शॉवर वर धरला तर बटण टिकतं आणि पाय धुवायला खाली नेला की पडतं.

ह्यावरूनच घरच्या घरी करायची परीक्षा मिळते. दोन मिनिटांचं काम आहे.

फक्त थंडचा नॉब पूर्ण सोडा, बटण वर करा आणि हँड शॉवरच्या चाळणीवर तळहात ठेवून अर्धी-अधिक भोकं झाका. बटण आता टिकलं आणि खालची धार थांबली, तर डायव्हर्टर ठणठणीत आहे. कमी आहे तो दाब. तळहात ठेवूनही खालून धार येतेच, तर वॉशर किंवा त्याची बैठक (सीट, म्हणजे वॉशर टेकतो तो पितळी काठ) खराब आहे.

मग हेच एकदा फक्त गरम नॉब सोडून करा. थंडवर टिकतं आणि गरमवर पडतं असं झालं, तर गीझरच्या बाजूला अडथळा आहे. गीझरच्या थंड पाण्याच्या तोंडाशी असलेला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारा) क्षाराने जाम झाला असेल किंवा गीझरकडे जाणारा अँगल कॉक अर्धाच उघडा असेल. तापलेल्या पाण्यातला क्षार लवकर बाहेर पडतो, म्हणून गरमची बाजू नेहमी आधी तुंबते. इथे डायव्हर्टर बदलणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

दाबच कमी निघाला तर

सगळ्यात आधी फुकटचे उपाय. बाथरूमचे दोन्ही स्टॉप कॉक आणि गच्चीवरचा मुख्य व्हॉल्व्ह पूर्ण उघडे आहेत का बघा. मिक्सरच्या दोन लेगच्या (भिंतीतल्या पाइपाला जोडणाऱ्या नळ्यांच्या) नटांमध्ये जाळीचं वॉशर असतं. ते काढून धुवा. टाकीतून निघणारा पाइप एक इंचाचा असून वाटेत कुणी अर्ध्या इंचाचा तुकडा जोडला असेल, तर पाणी तिथेच अडखळतं.

मग शॉवर. थेट गच्चीखाली आठ इंची रेन शॉवर लावणं ही चूक आहे, दुकानदार काहीही म्हणो. एवढी मोठी चाळणी भरायला पाणी पुरत नाही, कडेने ओघळतं आणि मागे दाबही राहत नाही. तिथे तीन-चार इंची, बारीक भोकांचा साधा शॉवर जास्त समाधान देतो.

डायव्हर्टर बदलायचाच असेल, तर दुकानात ‘फिरवायचा’ किंवा ‘लॉकवाला’ मागा. फिरवायच्या नॉबला दाबाची गरज नसते, जिथे ठेवाल तिथे राहतो. तोटा एवढाच की अंघोळ झाल्यावर तो आठवणीने परत नळाकडे फिरवावा लागतो. काही प्लंबर बटणाच्या स्प्रिंगचा एक वेढा कापून देतात. बटण टिकायला लागतं हे खरं, पण मग पाणी बंद केल्यावर ते खाली येईलच असं नाही, आणि कापलेली स्प्रिंग परत मोठी होत नाही. हा उपाय टाळा.

प्रेशर पंप बसवणार असाल, तर आधी गीझरच्या अंगावरची पट्टी वाचा. त्यावर किती बार दाब चालतो ते लिहिलेलं असतं. आणि जुन्या घरांत, जिथे अजून जी. आय. (जस्त चढवलेले लोखंडी) पाइप आहेत, तिथे पंपाने गंजाचे पापुद्रे सुटून थेट मिक्सरमध्ये येतात, सांधेही गळायला लागतात. अशा लाइनवर आधी पाइप बदलायचे, पंप नंतर.

वॉशर आणि कचरा: डायव्हर्टर उघडताना

लागणारं सामान: एक सरकता पाना, प्लस आणि मायनस पेचकस, २.५ आणि ३ मिलिमीटरची एलन की, जुना टूथब्रश, टेफ्लॉन टेप, थोडं सिलिकॉन ग्रीस आणि सायट्रिक अॅसिड. किराण्याच्या दुकानात ते लिंबूसत्त्व म्हणून मिळतं.

गीझरचं बटण बंद करा, नुसता थर्मोस्टॅट कमी करून भागत नाही. मग दोन्ही स्टॉप कॉक बंद. वेगळे कॉक नसतील तर गच्चीवरचा व्हॉल्व्ह. दोन्ही नॉब सोडून पाइपातलं पाणी निघून जाऊ द्या. मोरीच्या जाळीवर एक ओलं फडकं पसरा. डायव्हर्टरचा बारीक स्क्रू जाळीतून गेला, तर तसाच स्क्रू शोधण्यात सबंध दिवस जातो.

बटण हातानेच उलटं फिरवून निघतं. अडलं तर फडकं गुंडाळून पक्कडीने, पण क्रोमवर नागड्या पक्कडीचे दात लावू नका. बटणाच्या खाली पितळी नट दिसेल. पाना नटावर नीट बसवा, दुसऱ्या हाताने मिक्सर घट्ट धरा आणि मगच जोर द्या. मिक्सर न धरता जोर दिला, तर नट सुटायच्या ऐवजी भिंतीतला लेग फिरतो आणि एका गळतीच्या दोन होतात.

नट निघाला की दांडी, स्प्रिंग आणि वॉशर एकत्र बाहेर येतात. सगळं कोणत्या क्रमाने निघालं त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आता उजेडात बघा. चांगला वॉशर सपाट आणि मऊ असतो. झिजलेल्या वॉशरवर सीटच्या काठाची गोल खाच उमटलेली असते, बांगडी दाबून ठेवल्यासारखी. नखाने दाबलं तर तो दबत नाही. ओ-रिंग (दांडीवरची रबरी कडी) उतरवून चिमटीत धरा: गोल असायला हवी ती एका अंगाने चपटी झाली असेल किंवा बोटाला काळं लागत असेल, तर तिचं आयुष्य संपलं. आणि सीटवर, म्हणजे वॉशर जिथे टेकतो त्या पितळी काठावर, पांढरट खरखरीत कण दिसतील. बोरिंगच्या पाण्याचा हा क्षार. एखादा वाळूचा कणही अडकलेला असतो. तेवढ्या एका कणाने वॉशर पूर्ण टेकत नाही आणि खालची धार चालू राहते.

अर्धा लिटर कोमट पाण्यात एक मोठा चमचा लिंबूसत्त्व विरघळवा आणि फक्त धातूचे भाग त्यात वीस ते तीस मिनिटं ठेवा. त्याहून जास्त नाही, क्रोम मंद पडतं. रबरी भाग त्यात टाकायचे नाहीत. सीटवरचा क्षार काढायला ह्याच पाण्यात भिजवलेलं फडकं बोटाला गुंडाळून फिरवा, टूथब्रश मारा. ब्लेड, सँडपेपर किंवा पेचकसाची धार लावली, की पितळेवर ओरखडा पडतो आणि मग कितीही नवा वॉशर घातला तरी तिथून पाणी झिरपतंच.

संडासात वापरायचं तेजाब मिक्सरला लावायचं नाही. क्रोम जातं, पितळ उघडं पडतं. आणि कोणतंही अॅसिड ब्लीचिंग पावडरच्या जवळ आणू नका. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

वॉशर आणि ओ-रिंग नवे घ्या, जुने उलटे करून बसवू नका. दुकानात तोंडी माप सांगून उपयोग नाही, जुना भाग सोबत न्या. इंदूरच्या सियागंज बाजारात किंवा कॉलनीतल्या सॅनिटरीच्या दुकानात हातात धरून जुळवून मिळतात. स्पिंडलचंही तेच: दात किती, लांबी किती हे तर बघायचंच, शिवाय पाव वळणाचे सिरॅमिक स्पिंडल उजवे आणि डावे वेगळे येतात. चुकीचा आणला तर नॉब उलटा उघडतो.

ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसचं नुसतं बोट लावा. व्हॅसलीन किंवा मशीनचं तेल नको. नळांत वापरलं जाणारं काही रबर त्याने फुगतं, आणि फुगलेली ओ-रिंग दांडी जाम करते. खोबरेल तेलही नको, काही दिवसांत चिकट होतं.

आता एक पायरी जी बहुतेक जण गाळतात. सगळं परत बसवण्याआधी उघड्या तोंडावर प्लास्टिकचा मग उलटा धरा आणि थंडचा स्टॉप कॉक हळूच चार-पाच सेकंद सोडा. पाइपात सुटलेला कचरा बाहेर येतो. हे केलं नाही, तर तोच कचरा नव्या वॉशरखाली जाऊन बसतो आणि आठवड्याभरात तक्रार पुन्हा उभी. गरमच्या बाजूलाही हे करायचं, पण गीझर पूर्ण थंड झाल्यावरच.

नट हाताने शेवटपर्यंत आवळा, मग पान्याने पाव वळण. पुरे. जास्त आवळला तर वॉशर चेंगरतो आणि बटण जड होतं. मग खालच्या नळाखाली मग ठेवून शॉवर एक मिनिट चालवा. दोन-चार थेंब पडले तर सोडून द्या. एका मिनिटात लिटरभराचा मग भरत असेल, तर वॉशर तिरका बसला आहे किंवा सीट खराब झाली आहे. सीट खराब असेल, तर पूर्ण डायव्हर्टर बदलणंच बरं.

परत परत का होतं

इंदूरला १९७८ पासून नर्मदेचं पाणी जलूदहून येतं आणि बऱ्याच वस्त्यांत ते एक दिवसाआड मिळतं. मधल्या दिवसांची आणि उन्हाळ्याची तूट बोरिंग भरून काढते. माळव्याच्या काळ्या दगडातलं हे पाणी जड असतं. बादलीच्या काठाला पांढरी रेघ, साबणाला फेस नाही, ही त्याची खूण. दोन्ही पाणी एकाच टाकीत पडतं, टाकी रिकामी होत तळाला जाते आणि तळाचा गाळ पाइपात उतरतो. डायव्हर्टर खराब होण्याची सुरुवात अशी गच्चीवर होते.

म्हणून टाकीतून निघणारा पाइप तळापासून दोन-तीन इंच वर हवा. त्या पाइपावर वाय स्ट्रेनर (कचरा अडवणारी जाळी असलेला जोड) बसवून घ्या आणि महिन्यातून एकदा त्याची जाळी काढून धुवा. जाळी तुंबली की दाब आणखी कमी होतो. टाकी धुतल्यावर पहिलं पाणी कधीही मिक्सरमधून सोडायचं नाही. वापरातल्या सगळ्यात खालच्या साध्या नळातून दोन-तीन बादल्या जाऊ द्या, मग बाथरूमचे कॉक उघडा.

दुसरं कारण आपल्या सवयीत आहे. घरात बहुतेक जण बादलीनेच अंघोळ करतात, शॉवर पाहुणे आले की सुरू होतो. महिनोन्‌महिने बटण हललं नाही, की दांडीवर क्षाराची बारीक कड तयार होते. मग गणपतीला पुण्याहून कोणी आलं, की बटण वर जातं ते खालीच येत नाही. अशा वेळी ते ठोकू नका. दांडीभोवती लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं वीस मिनिटं गुंडाळून ठेवा आणि मग हळूहळू वरखाली करा.

भिंत ओली होत असेल तर

कन्सील्ड डायव्हर्टरच्या मागच्या खोलीत ओल दिसली, की लोक लगेच टाइल्स फोडायला निघतात. थांबा. डायव्हर्टरपासून शॉवरपर्यंतच्या पाइपात पाणी फक्त शॉवर चालू असतानाच असतं. गरम-थंडच्या लाइनीत मात्र ते चोवीस तास असतं. म्हणून दोन दिवस शॉवर अजिबात वापरू नका, बादलीने अंघोळ करा. ओलीचा डाग पेन्सिलने आखून ठेवा. दोन दिवसांत डाग आकसला तर गळती वरच्या पाइपात आहे, आणि तीही बहुतेक वेळा शॉवर आर्मच्या (शॉवर ज्या नळीवर बसतो तिच्या) एल्बोमध्ये, म्हणजे भिंतीतल्या वळणाच्या जोडात. आर्म काढा, जुनी टेप खरवडून टाका, पेचाच्या दिशेने टेफ्लॉन टेपचे आठ-दहा वेढे द्या आणि परत बसवा. आर्म सरळ करायला उलटा फिरवू नका. थोडा जास्त फिरला तर पूर्ण काढून, टेप बदलून पुन्हा सुरुवात करा. एवढ्याने कित्येक घरांच्या टाइल्स वाचतात.

डाग वाढतच राहिला तर गळती पुरवठ्याच्या लाइनीत किंवा डायव्हर्टरच्या सांध्यात आहे, आणि तिथे फोडण्याला इलाज नाही. नवीन बाथरूम बांधत असाल, तर कन्सील्ड बॉडीवरच्या प्लास्टिकच्या टोपीवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त खोलीच्या खुणा असतात. तयार टाइलचा पृष्ठभाग त्या दोन खुणांच्या मधे यायला हवा. बॉडी जास्त आत गेली, तर पुढे कार्ट्रिज काढायला पाना शिरत नाही. टाइल लावण्याआधी शॉवरच्या तोंडाला डमी प्लग लावून लाइन रात्रभर दाबाखाली ठेवायला प्लंबरला सांगा आणि सकाळी स्वतः प्रत्येक सांध्याला कोरडा कागद लावून बघा.

थंड नळातून गरम पाणी

हँड शॉवरला ट्रिगर असेल तर ही तक्रारही येते. ट्रिगर सोडला, पण मिक्सरचे दोन्ही नॉब उघडेच राहिले, की गरम आणि थंड लाइन मिक्सरच्या आत एकमेकींना जोडल्या जातात. ज्या बाजूला दाब जास्त, ती दुसरीत घुसते. मग बेसिनच्या थंड नळाला कोमट पाणी येतं किंवा गीझर सारखा चालू-बंद होत राहतो. शिवाय हँड शॉवरच्या होजवर कायम ताण राहून ती एक दिवस फुटते. अंघोळ झाल्यावर नॉब बंद करायचे, ट्रिगर नव्हे. मुलं हे विसरत असतील तर मिक्सरच्या दोन्ही तोंडांना नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावून घ्या. गच्चीखालच्या मजल्यावर मात्र ते थोडा दाब खातात, हे धरून चला.

बंद केल्यावर पडणारे थेंब

शॉवर बंद केल्यावर पाच-दहा मिनिटं थेंब पडणं स्वाभाविक आहे. चाळणीत आणि आर्ममध्ये उरलेलं पाणी ते. अर्ध्या तासाने कोरडा तांब्या खाली ठेवा. तासाभराने त्यात पाणी साठलं असेल, तर स्पिंडल किंवा कार्ट्रिज गळतंय. कोणत्या बाजूचं, हे कळायला गरमचा स्टॉप कॉक बंद करा आणि तांब्या रिकामा करून परत ठेवा. थेंब थांबले तर गरमचा स्पिंडल, नाही थांबले तर थंडचा. सिंगल लिव्हर असेल तर लाल-निळ्या ठिपक्याखाली एलन कीचा बारीक स्क्रू असतो. तो सोडवला की लिव्हर निघतो आणि आतल्या नटाखाली कार्ट्रिज मिळतं. ते बहुधा ३५ किंवा ४० मिलिमीटरचं असतं. बुडाशी असलेल्या दोन खुंट्या बॉडीतल्या भोकांत नीट बसल्या आहेत याची खात्री करूनच नट आवळा.